पट्टीतली माती

तिसऱ्या माळेला घटातलं धान वर यायला हवं होतं. आलं नाही.

कृष्णवेणीनं देव्हाऱ्यापुढं वाकून पाहिलं. चष्मा पदरानं पुसला आणि पुन्हा पाहिलं. परडीत पसरलेली काळी माती, मधोमध पाण्यानं भरलेला घट, त्यावर विड्याची पानं, नारळ, वर टांगलेल्या झेंडूच्या माळा. सगळं जागच्या जागी. हिरवं मात्र कुठं टाचणीएवढंही नाही.

मागं काठी वाजली. सासरे, विठ्ठलराव.

"आलं?"

"स्वल्प गार आहे की हवा, मामंजी. येतंय उद्या."

"मी हवा इचारली न्हाई. आलं का न्हाई, ते सांग."

"नाही अजून."

विठ्ठलराव वळले. पाय ओढत ते आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. म्हातारा ओरडला असता तर बरं झालं असतं, असं कृष्णवेणीला वाटलं. तो ओरडला की घर तासाभरात निवळायचं. तो गप्प बसला की त्यातून काय निघेल, याचा नेम नसायचा.

बेंगळुरच्या चामराजपेटेतल्या त्या घरात ती लग्न होऊन आली, तेव्हा उंबऱ्यातच सासऱ्यानं तिला विचारलं होतं, "पोरी, मूळ कुठलं तुमचं?"

"तुमकूर," ती म्हणाली होती.

"ते ऱ्हायाचं झालं. मूळ?"

तिला उत्तर सुचलं नव्हतं. तिच्या बापाला, आज्ज्याला कुणालाच तुमकूरच्या मागचं काही ठाऊक नव्हतं. घरात मराठी बोलायचे, बाजारात कन्नड, आणि मूळबीळ कुणी काढायचं नाही. तेव्हापासून या घरात ती बिनमुळाची ठरली. तसं थट्टेतच. "आमच्या सूनबाईला गाव न्हाई, म्हनून माहेरपनाचा खर्च न्हाई," असं विठ्ठलराव चारचौघांत म्हणत आणि आपणच खो खो हसत. ती पण हसायची. हसता हसता केस पांढरे झाले.

खरं पाहिलं तर विठ्ठलरावांचा जन्मही बेंगळुरातलाच. त्यांचे वडील कृष्णाकाठचं निंबखोरी सोडून घोड्यांच्या पागेत कामाला म्हणून इथं आले, ते इथलेच झाले. विठ्ठलराव सगळ्या आयुष्यात मिळून गावाला राहिले असतील ते लग्नकार्यांपुरते. पण बोलायचे ते बापाकडून आलेली कृष्णाकाठची भाषा. एकदा गावाकडचा चुलत पुतण्या मल्हारराव इथं आला होता. तो म्हणाला, "काका, असं बोलनारं आता गावातबी कोन ऱ्हायलं न्हाई." विठ्ठलरावांना ते कौतुक वाटलं होतं.

गावात त्यांच्या वाटणीची जमिनीची एक पट्टी होती. मल्हारराव ती कसायचा. तिच्यातून कधी पोतंभर गहू मागितला नाही की पैसा मागितला नाही. मागणं एवढंच, की दर नवरात्राला घटासाठी त्या रानातली माती यावी. मल्हारराव न चुकता बसच्या पार्सलनं पिशवी पाठवायचा. त्या मातीत सात धान्यं पेरायची, घट मांडायचा आणि दसऱ्यापर्यंत त्याला हलवायचं नाही. धान किती उंच वाढतं, डावीकडं झुकतं की उजवीकडं, टोकं पिवळी पडतात का, यावरून विठ्ठलराव घराचं पुढचं वर्ष सांगत. आणि दसऱ्याला पुरुष माणसांनी तो हिरवा तुरा टोपीत खोवायचा.

नवरात्र उठलं की ती माती अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी जायची. बेंगळुरची जमीन तांबडीलाल. तिच्यात त्या झाडाभोवती तेवढं एक काळं वर्तुळ झालं होतं, परातीएवढं. त्याच्यावर पाय दिलेला विठ्ठलरावांना खपत नसे.

दोन वर्षांमागं नातसून प्रांजलीनं घट हलवला होता.

प्रांजली मूळची पुण्याची, हेब्बाळला कंपनीत नोकरी करणारी. तिच्या माहेरी असलं काही नव्हतं. लॅपटॉपचा चार्जर देव्हाऱ्यामागच्या प्लगला लावायला तिनं परडी वीतभर सरकवली. त्याच महिन्यात तिचं पोट पडलं. चौथा महिना होता. विठ्ठलराव तिच्या तोंडावर एक अक्षर बोलले नाहीत. पण घरात आलेल्या प्रत्येक माणसाला त्यांनी हलक्या आवाजात ती गोष्ट सांगितली आणि घराच्या भिंती काही जाड नव्हत्या.

आता प्रांजलीला पुन्हा दिवस होते. सातवा लागत होता. वार गर्भाशयात खाली आहे, धक्के नकोत, प्रवास नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. म्हणून ती घरूनच काम करत होती. विठ्ठलरावांनी मात्र यंदा आधीच मल्हाररावाला फोन लावून दरडावलं होतं, "मल्हारी, माती आपल्या पट्टीतलीच पायजे. हिकडची तिकडची उचलून देशील तर तुझं-माझं नातं तुटलं म्हनून समज. घरात पोर यायचंय."

पिशवी आली. ती उघडल्यावर कृष्णवेणीचा नवरा गिरीधर म्हणाला होता, "अप्पा, माती यंदा फिकी दिसतेय की."

"उन्हानं. तू आपले पेटे बांध."

गिरीधरचं मैसूर पेट्यांचं दुकान होतं. सत्कार-समारंभात डोक्यावर ठेवतात ते जरीकाठी पेटे तो साच्यावर बांधायचा. दसरा म्हणजे त्याचा ऐन धंदा. सगळ्या शहराची डोकी सजवण्यात त्याला आपलं खाजवायला फुरसत नसायची. तो निघून गेला आणि मातीचा विषय तिथंच राहिला.

पाचवी माळ चढली तरी परडी उघडीबोडकी. उलट मातीवर एक पांढुरकी साय धरली होती, दुधावर धरते तशी. कृष्णवेणीला वाटलं बुरशी. पण बुरशीला वास येतो. याला वास नव्हता. दर नवरात्रात धान्य न्यायला मुंग्यांची रांग लागायची, तिला हळदीची रेघ ओढायला लागायची. यंदा एक मुंगी तिकडं फिरकली नव्हती.

दुपारी ती डोळा लागून उठली, तर देव्हाऱ्यापुढं प्रांजली. एक हात भिंतीला, एक पोटाखाली. घटाकडं बघत उभी. चाहूल लागताच दचकली.

"मी हात नाही लावला, आई. नुसतं बघत होते."

"अय्यो, मी कुठं काय म्हटलं? बस इथं. पाय सुजलेत बघ."

"बियाणं खराब असेल ना? म्हणजे, सायंटिफिकली काहीतरी कारण असणारच." प्रांजली हसली. ते हसू तोंडाच्या एका कोपऱ्यातच राहिलं. "माझी आई म्हणते, तुम्ही बेंगळुरवाले आमच्यापेक्षा जास्त मराठी आहात. आम्ही कधीच सोडलं हे सगळं."

"मग तू कशाला बघतेस?"

प्रांजली भिंतीला धरून खाली बसली. मग म्हणाली, "कालपासून बाळ कमी हलतंय. डॉक्टर म्हणाल्या नॉर्मल आहे. पण आई, मागच्या वेळी पण सगळं नॉर्मलच होतं."

संध्याकाळी विठ्ठलरावांनी सगळ्यांना बसवलं. गिरीधर दुकानातून तसाच उठून आला होता, बोटांना जरीचे कण. नातू अजिंक्य ऑफिसातून येऊन बायकोजवळ बसला.

"देवीनं त्वांड फिरवलंय," विठ्ठलराव म्हणाले. "मागं एक डाव घट हलला, आपन वरच्यावर सोडून दिलं. आता ती मागून घेनार. प्रांजलीला गावाला न्या. आपल्या पट्टीच्या बांधावर तिची ओटी भरा, तिथली माती कपाळाला लावा आनि आना परत. दसऱ्याच्या आत."

"अप्पा, डॉक्टर प्रवास नको म्हणालेत," गिरीधर म्हणाला.

"मागल्या बारीला डॉक्टर काय म्हनाले हुते?"

बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता, तेवढाच आवाज.

कृष्णवेणीनं पोराकडं पाहिलं. हा तरी बोलेल. अजिंक्यनं मान खाली घातली होती. "अज्जा, स्लीपर बस आहे," तो म्हणाला. "आडवं पडून जाता येईल. हळू चालवायला सांगू."

"बस काय तुझ्या सासऱ्याची आहे, हळू चालवायला?" कृष्णवेणी कडाडली. "एवढा शिकलास, आणि—"

"मी जाते, आई," प्रांजली म्हणाली.

तिच्या आवाजात भीती असती तर कृष्णवेणीनं तिला तिथंच गप्प केलं असतं. पण भीती संपून गेल्यावर माणूस बोलतं, तसा तो आवाज होता. "मागच्या वेळी मी सरकवला. मीच जाते. परत काही झालं तर सगळे आयुष्यभर हेच म्हणतील. मी पण हेच म्हणेन."

विठ्ठलरावांनी डोळे मिटून हात जोडले. अष्टमीच्या रात्रीची तिकिटं काढायचं ठरलं.

कृष्णवेणीला त्या रात्री झोप नव्हती, पण तिनं कुणाला जागवलं नाही. आपल्याला मूळ नाही, म्हणून आपल्याला यातलं काही कळत नाही, हे तिला इतक्या वर्षांत पुरतं पटवून दिलेलं होतं. देवी कोपली तर ती कोपेल त्यांच्या कुळावर. पण बस खड्ड्यात आदळली तर आदळेल त्या पोरीच्या पोटावर. एवढं तिला मूळ नसतानाही कळत होतं.

अष्टमीच्या सकाळी तिनं मल्हाररावाला फोन लावला. आम्ही येतोय, बांधापर्यंत गाडी जाते का, एवढंच विचारायला.

पलीकडं आधी नुसता खोकला. मग मल्हारराव म्हणाला, "वैनी, कशाला येताय? येऊ नगा."

"पट्टीवर ओटी भरायची आहे की."

"पट्टी कुठं ऱ्हायलीय, वैनी? उसाला पानी पाजून पाजून सगळा खालचा शिवार चोपन झाला. मीठ वर आलं. आपल्या पट्टीत तर कुसळ उगवत न्हाई. वर पांढरं, खाली चिखल. बांध खचून गेला. बाईमानसाला हुभं ऱ्हायला जागा न्हाई तिथं."

"कधीपासून?"

"लई वर्सं झाली. अजिंक्य शाळंत हुता तवापासनं."

कृष्णवेणी मोरीच्या कट्ट्यावर बसली. "मग दरसाल माती कुठली पाठवत होता?"

"वरल्या अंगाला एका परक्याचं द्राक्षाचं रान हाय. तिथली. काळीभोर. काकांना बरं वाटावं म्हनून, दुसरं काय? ह्या साली काकांनी आन घातली, आपल्या पट्टीतलीच पायजे. घरात पोर यायचंय म्हनाले. मग मला खोटं करवंना. धुऊन घ्या म्हनून सांगनार हुतो, पर माती धुऊन घ्या, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?" जरा थांबून तो म्हणाला, "पानी जास्ती घालू नगा. जेवढं पानी, तेवढं मीठ वर येतं."

दुपारी घर शांत होतं. प्रांजलीच्या खोलीत बॅग भरलेली दिसत होती, वर हिरवं ओटीचं लुगडं. विठ्ठलराव देव्हाऱ्यासमोर पाटावर बसून जप करत होते. कृष्णवेणी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. येताना तिच्या मनात एकदा आलं होतं की बोलावं, इतक्या वर्षांचं सगळं एका वाक्यात बोलून टाकावं. समोर बसल्यावर ती म्हातारी मान, ती शिरा वर आलेली बोटं बघून ते वाक्य तिथंच विरलं.

तिनं मल्हाररावाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. द्राक्षाच्या रानाचंसुद्धा.

विठ्ठलराव हसले. "मल्हारीला पट्टी गिळायचीय. म्हनून भ्या घालतोय."

"मामंजी, त्यांनी खोटं केलं ते इतकी वर्षं. यंदा खरं केलंय."

"गप. तुला काय कळतं त्यातलं? तुझं गाव कुठलं?"

कृष्णवेणी उठली. परडीपाशी गेली आणि घटाच्या बुडाशी दोन बोटं घालून तिनं मातीची चिमूट उचलली. घट किंचित कलला. वरचा नारळ माळेला टेकला. पाटावरून "ए!" असा आवाज आला, एखाद्याला चटका बसावा तसा. तिनं ती चिमूट सासऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"आता घट मी पण हलवला," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येत नव्हता. "यापुढं प्रांजलीचं नाव घ्यायचं नाही. जे होईल ते माझ्या नावावर. पण आधी चाखा."

विठ्ठलराव तळहाताकडं बघत राहिले. चिमटीत काळं कमी, पांढरंच जास्त. एक फुगून काळा पडलेला गव्हाचा दाणाही त्यात आला होता. मग त्यांनी जिभेचं टोक मातीला लावलं. लहान मूल औषधाला लावतं, तसं.

त्यांचा चेहरा हलला नाही. गळ्यातली घाटी तेवढी वर गेली, खाली आली. पुन्हा एकदा त्यांनी जीभ लावली, आणि या वेळी सगळी चिमूट तोंडात गेली.

"मामंजी, थुंका ते."

"आपली हाय ती," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "बस नगं. पोरीला निजू दे." आणि आणखी थोड्या वेळानं, "बांध तरी हाय का गं?"

"नाही म्हणाले."

"माझी राख तिथं टाका म्हनालो हुतो."

यावर काय बोलावं, ते कृष्णवेणीला सुचलं नाही. उंबऱ्यात तिला मूळ विचारलं होतं, तेव्हा सुचलं नव्हतं तसंच.

दसऱ्याला गिरीधरनं दुकानात साच्यांची पूजा केली. दुकानभर पेटे झगमगत होते, लोकांच्या डोक्यांसाठी. घरच्या पुरुषांच्या टोप्यांत खोवायला तुरा नव्हता. विठ्ठलरावांनी त्या दिवशी टोपीच घातली नाही. कृष्णवेणीनं त्यांचं उघडं डोकं इतक्या वर्षांत प्रथमच भर दुपारी पाहिलं. वाटलं होतं त्यापेक्षा ते खूपच लहान होतं.

"ही माती गटारात टाकूया, अप्पा. झाडाला बाधेल," गिरीधर म्हणाला.

"आपली एवढीच आली," विठ्ठलराव म्हणाले. "बाकीची सगळी परक्याची." आणि परडी स्वतः उचलून, काठी न घेता, ते अंगणात गेले आणि कढीपत्त्याच्या बुडाशी त्यांनी ती पालथी केली.

त्या दिवसापासून त्यांचं बोलणं कमी झालं. जे बोलत त्यात कृष्णाकाठची भाषाही उरली नाही. दूधवाल्याशी कन्नड, घरात नुसता हुंकार. एक काम मात्र त्यांनी लावून घेतलं. सकाळ-संध्याकाळ कढीपत्त्याला पाणी. तांब्यानं नाही, बादलीनं.

"मामंजी, पाणी कमी घाला. मल्हारराव म्हणाले होते की, पाण्यानं ते वर येतं."

"येऊ दे की."

प्रांजलीला नववा लागला. बाळ हलत होतं, कधी खूप, कधी दिवसभर नाही. वार अजून खालीच आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि तारीख काढून दिली. घट कुणी हलवला, हे तिला कळलं होतं. गिरीधरनं सांगितलं असावं. त्या दिवसापासून सासूचा हात धरल्याशिवाय ती जिना उतरत नव्हती. दुपारी ती अंगणातल्या पायरीवर उन्हाला बसायची.

"आई, कढीपत्त्याची पानं अशी का होतायत? कडेनं जळल्यासारखी?"

"थंडी पडली की. सुम्ने, उगीचच होतं दरसाल."

दरसाल होत नव्हतं. कृष्णवेणीनं पानं उचलून पदरात घेतली आणि आत नेऊन चुलीमागं टाकली. परातीएवढं ते काळं वर्तुळ आता काळं राहिलं नव्हतं. पाणी घातलं की ते वर साचून राहायचं, आत मुरायचंच नाही. सकाळी सुकलं की त्यावर पांढरी साय.

मग ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठू लागली. आधी प्रांजलीच्या दाराला कान लावायची. श्वास ऐकू आला की पळीनं ती साय खरवडायची, पुडीत बांधायची आणि कोपऱ्यावरच्या गटारात टाकून यायची. प्रांजली उठायच्या आत जमीन काळी दिसली पाहिजे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच साय. तारीख जवळ येत गेली, तशी ती जाडच होत गेली.

एके पहाटे ती खरवडत असताना खिडकीतून आवाज आला. विठ्ठलराव गजांना धरून उभे होते. किती वेळ बघत होते, कोण जाणे. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या तोंडी ती जुनी भाषा आली होती.

"सूनबाई, नगं खरवडू. कुठवर खरवडशील?"

तिनं वर पाहिलं नाही. पळी तशीच चालू ठेवली. वरच्या खोलीत दिवा लागला होता, अजून लागायची वेळ नसताना. प्रांजली जिन्याच्या तोंडाशी येऊन, एका हातानं पोट धरून, तिला हाक मारत होती. कृष्णवेणीनं उघड्या हातानं उरलेलं पांढरं चाचपून गोळा केलं, हात पदराला पुसत ती धावली आणि जिन्यात पोरीनं पुढं केलेला हात तिनं त्याच खारट बोटांनी धरला.